जुन्या फोर-बाय-फोरची दुरुस्ती: खालून वर

जुनी फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळू शकणारी गाडी, दारात आली की माणूस सगळ्यात आधी बॉनेट उघडतो. इंजिनाचा आवाज ऐकतो, डिपस्टिक काढून बघतो आणि मान डोलावतो. मीही तेच करायचो. पण वीस-पंचवीस वर्षं राबलेली अशी गाडी इंजिनामुळे कायमची बसली, असं फार कमी वेळा होतं. तिला खातात त्या दोन गोष्टी म्हणजे आत शिरलेलं पाणी आणि वर्षानुवर्षं न हललेले भाग. दोन्हींचा मुक्काम गाडीच्या पोटाखाली असतो. म्हणून इथला क्रम उलटा आहे. आधी चेसिस म्हणजे गाडीचा सांगाडा, मग चाकं जोडणारे ॲक्सल, मग शाफ्ट आणि चाकं. इंजिन सगळ्यात शेवटी.

पहिल्या दिवशी पाना हातात घेऊ नका

गाडी सपाट जागी लावा, खाली पुठ्ठ्याचे मोठे तुकडे अंथरा आणि रात्रभर तशीच उभी राहू द्या. चारही चाकं, दोन्ही ॲक्सल आणि इंजिन कुठे येतात ते पुठ्ठ्यावर आधीच पेनाने लिहून ठेवा. सकाळी डाग वाचायचे.

ॲक्सलच्या मधल्या फुगीर गोळ्याखाली दाट, तपकिरी आणि गंधकाचा उग्र वास येणारा डाग म्हणजे गिअर ऑइल. तसाच डाग चाकाच्या आतल्या बाजूला असेल तर शाफ्टचं ऑइल सील गेलंय, आणि ते तेल ब्रेकच्या लायनरपर्यंत पोहोचलंय असं धरूनच चाला. चाकापाशी पातळ, फिकट पिवळसर डाग दिसला तर ते ब्रेक ऑइल आहे. मग तो दोष निघेपर्यंत गाडी हलवायची नाही. लाल, पातळ तेल पॉवर स्टिअरिंगचं किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं असतं. हिरवट किंवा गुलाबी, बोटांना चिकटणारा डाग कूलंटचा. हा पुठ्ठा फेकू नका, शेवटी लागणार आहे.

त्याच दिवशी दोन कामं आणखी करा. गाडीच्या नेमक्या मॉडेलचं वर्कशॉप मॅन्युअल मिळवा, कारण कुठला बोल्ट किती टॉर्कला, म्हणजे किती पिळाच्या जोराला, आवळायचा आणि कुठल्या खोक्यात कुठलं तेल, हे आठवणीवर सोडायचं नसतं. दुसरं काम म्हणजे गाडीतली यंत्रणा ओळखा. गिअरबॉक्सचा जोर पुढच्या आणि मागच्या ॲक्सलला वाटणारं खोकं म्हणजे ट्रान्सफर केस. तिच्या लिव्हरवर २एच (दोन चाकं, हाय), ४एच (चार चाकं, हाय), ४एल (चार चाकं, लो) अशी खूण असेल तर गाडी बहुतेक पार्ट-टाइम आहे, म्हणजे एरवी दोन चाकांवर आणि गरजेपुरती चारांवर चालणारी. त्यात ४एच टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना सरळ जखडले जातात, मध्ये डिफरन्शिअल, म्हणजे दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरांची जोडणी, नसतं. वळणावर पुढच्या चाकांना जास्त अंतर कापावं लागतं. मातीत टायर थोडा घसरून हा फरक जिरवतो. कोरड्या डांबरावर टायर घसरत नाही, मग तो पीळ शाफ्टमध्ये आणि ट्रान्सफर केसमध्ये साठत जातो. लिव्हर २एचला परत येत नाही म्हणून घाबरून मेकॅनिककडे धावणाऱ्या अनेकांची गाडी ठणठणीत असते. सरळ रेषेत चार-पाच मीटर हळू मागे घ्या, पीळ सुटतो आणि लिव्हर येते.

लिव्हरवर नुसतं हाय, लो आणि डिफ-लॉक असेल तर गाडी कायम चारही चाकांवर चालणारी आहे. तिथे चारही टायरांचा घेर सारखा ठेवणं जास्त महत्त्वाचं. एकच टायर नवा घातला तर मधलं डिफरन्शिअल सरळ रस्त्यावरही सतत काम करत राहतं. टेपने चारही टायरांचा घेर मोजा, दोन मिनिटांचं काम आहे.

जॅक लावण्याआधी

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचं नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. पक्के लोखंडी स्टँड लावायचे, जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे द्यायचे. पण या जातीच्या गाड्यांत आणखी दोन सापळे आहेत आणि ते साध्या गाडीवर हात बसलेल्या माणसाला ठाऊक नसतात.

पहिला हँडब्रेकचा. विलीज जीप आणि जुन्या लँड रोव्हरमध्ये हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसमधून मागे निघणाऱ्या शाफ्टवर असतो. मागचं एक चाक उचललंत की डिफरन्शिअलमुळे ते चाक हवेत उलटं फिरू शकतं आणि जमिनीवरचं चाक गाडी घेऊन निघतं. हँडब्रेक घट्ट ओढलेला, शाफ्ट जागचा हललेला नाही, तरी गाडी जॅकवरून खाली.

दुसरा न्यूट्रलचा. ट्रान्सफर केस न्यूट्रलला असेल तर गिअर टाकून ठेवला काय किंवा ऑटोमॅटिक 'पी'ला ठेवली काय, चाकांशी गिअरबॉक्सचा संबंधच तुटलेला असतो. लिव्हर दोन गिअरांच्या मध्ये अडकली असेल तरी तेच.

चेसिस: हातोडीने ऐका

आधी सगळा चिखल धुऊन काढा आणि गाडी पूर्ण वाळू द्या. मग छोटी हातोडी घेऊन चेसिसवर वीतभर अंतराने ठोकत जा. धड लोखंड टणटणतं. पोखरलेलं लोखंड 'थप्प' असा मेलेला आवाज देतं. जिथे आवाज बसतो तिथे जाड स्क्रू-ड्रायव्हरची टोक दाबून पाहा. स्प्रिंगच्या पाट्या टांगलेल्या असतात त्या हँगरभोवती, आडव्या क्रॉस-मेंबरच्या टोकांना, बॉडी बसते त्या माउंटिंगखाली आणि मागच्या चाकांच्या मागे जास्त वेळ द्या.

पेटीसारखी बंद चेसिस आतून बाहेर गंजते. बाहेरचा रंग शाबूत असतो आणि आतला पत्रा कागदासारखा झालेला असतो. पाणी निघून जावं म्हणून कारखान्यानेच तिला खालून भोकं ठेवलेली असतात. ती चिखलाने बुजतात आणि पावसाचं पाणी आतच मुरतं. तारेने ती भोकं मोकळी करणं हे या सगळ्या लेखातलं सगळ्यात स्वस्त काम आहे.

१९४८ साली आलेल्या लँड रोव्हरची बॉडी ॲल्युमिनियमची होती, कारण युद्धानंतर पोलाद मोजून मिळत होतं. त्यामुळे त्या घराण्यातल्या गाड्या वरून तकतकीत आणि खालून पोखरलेल्या सापडतात. शिवाय ॲल्युमिनियम आणि पोलाद जिथे एकमेकांना टेकतात तिथे ओलावा मिळाला की ॲल्युमिनियम पांढरी पूड होऊन झडायला लागतं. अशा सांध्यात रबर किंवा सीलंटचा थर असलाच पाहिजे.

गंजावर डांबरी थर फासून तो झाकणं हा सगळ्यात वाईट उपाय. आत अडकलेला ओलावा खाली आपलं काम चालूच ठेवतो. योग्य रीत अशी: कुजलेला भाग धड लोखंड लागेपर्यंत कापायचा, त्याच जाडीची प्लेट लावायची, वेल्डिंग करायचं, रंग द्यायचा आणि मग पोकळीत गंजरोधक मेण फवारायचं. वेल्डिंगआधी बॅटरीच्या तारा काढा. जवळपास इंधनाची टाकी किंवा नळी असेल तर तीही काढा. चेसिसचं वेल्डिंग स्वतः शिकता शिकता करायची जागा नव्हे. त्यावर गाडीचं आणि तुमचं वजन असतं. ज्याचा हात बसलाय त्यालाच ते काम द्या. कापाकापी तुम्ही केलीत तरी चालेल.

ॲक्सलमधलं तेल

माझा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि तो द्यावाच.

गाडी चालून ॲक्सल तापलेला असतो. तुम्ही ओढ्यात उतरता. गार पाणी लागताच आतली हवा आकसते आणि ॲक्सल पाणी आत ओढतो, सीलच्या ओठातून किंवा जिथून वाट मिळेल तिथून. असं होऊ नये म्हणून ॲक्सलच्या माथ्यावर ब्रीदर नावाचा, हवा आत-बाहेर सोडणारा छोटा मार्ग असतो. तो चिखलाने बुजला की दुसरं दुखणंही सुरू होतं. तापल्यावर आतला दाब वाढतो आणि तेल सीलमधून बाहेर ढकललं जातं. नवं सील घातलं तरी महिन्याभरात पुन्हा गळती, मग सीलच्या कंपनीला शिव्या. आधी ब्रीदर काढून धुवा. जमलं तर त्याला नळी जोडून तिचं टोक इंजिनाच्या खोलीत उंचावर बांधा.

तेल बदलण्याची पद्धत:

१. पाच-दहा किलोमीटर गाडी चालवून तेल कोमट करा आणि सपाट जागी लावा.

२. आधी भरायचा वरचा बूच उघडा, खालचा नंतर. वरचा बूच गंजून बसलेला असतो. मी एकदा खालचा आधी उघडला, सगळं तेल काढलं, आणि वरच्याचे कोपरे घासून गोल करून ठेवले. गाडी दोन दिवस जागीच.

३. खालच्या बुचाला चुंबक असतो. त्यावर राखाडी, मऊ लगदा असेल तर ती नेहमीची झीज. चमकदार पातळ कपचे किंवा दाताचा तुकडा निघाला तर तेल बदलून भागणार नाही, डिफरन्शिअल उघडावं लागेल.

४. तेल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. नवं तेल भरा, थोडी चालवा, पुन्हा काढा. तेल स्वच्छ निघेपर्यंत हे करायचं. पाणी कुठून आलं ते शोधल्याशिवाय मात्र शेवटचं महागडं तेल ओतू नका.

५. वरच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत तेल भरा. जास्तीचं वाहून जाऊ द्या, मग बूच लावा.

कुठलं तेल, हा प्रश्न वरवर दिसतो त्याहून नाजूक आहे. ॲक्सलमधल्या क्राउन-पिनियन या गिअरांच्या जोडीचे दात एकमेकांवर घासत सरकतात. त्यांना जीएल-५ दर्जाचं तेल लागतं, त्यात गंधक-फॉस्फरसची जास्त मात्रा असते. तीच मात्रा जुन्या गिअरबॉक्समधल्या, गिअर सहज पडायला मदत करणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगना खाऊ शकते, म्हणून तिथे बहुतेकदा जीएल-४ सांगितलेलं असतं. 'जीएल-५ वरच्या नंबरचं, म्हणजे चांगलं' असं म्हणून दोन्हीकडे एकच डबा ओतू नका. ट्रान्सफर केसचा तर नेमच नाही: कुणाला गिअर ऑइल, कुणाला इंजिन ऑइल, कुणाला ऑटोमॅटिकचं लाल तेल. मॅन्युअल सांगेल तेच. लिमिटेड-स्लिप डिफरन्शिअल, म्हणजे एकच चाक मोकळं घसरत फिरू न देणारं, असेल तर त्याचं खास तेल लागतं, नाहीतर वळणावर चाकं उड्या मारल्यासारखी करतात.

प्रॉपेलर शाफ्ट आणि क्रॉस

पुढे-मागे गिअर बदलताना खालून 'ठक' येतो, किंवा हळू चालताना चिमणीसारखं चिवचिवतं. ॲक्सलला जोर नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टच्या टोकांना चार टोकांचा फिरता सांधा असतो, तो क्रॉस. चिवचिव म्हणजे क्रॉसच्या कपातलं ग्रीस संपून आतल्या बेअरिंगच्या सुया कोरड्या पडल्यात. ठक म्हणजे त्या झिजल्यात. गाडीला ठोकळे देऊन, गिअर न्यूट्रलला टाकून शाफ्ट हाताने पिळा आणि क्रॉसच्या दोन्ही बाजूंना बघा. तिथे जराही खेळ नको. पिनियनच्या फ्लँजला गोल फिरवताना किंचित मोकळीक असते, ती चालते. तोच फ्लँज वर-खाली हलला तर पिनियनचं बेअरिंग गेलंय.

शाफ्ट काढण्याआधी फ्लँजवर आणि सरकत्या स्प्लाइनच्या दोन्ही बाजूंवर रंगाने खुणा करा. शाफ्टच्या दोन टोकांचे काटे एका रेषेत असावे लागतात. स्प्लाइन एक दात चुकवून बसवली की सगळी गाडी थरथरते, आणि माणूस टायर बॅलन्स करत हिंडतो.

क्रॉस बदलताना कप अडकवून ठेवणारी सर्क्लिप काढा, शाफ्ट व्हाइसमध्ये धरा आणि एका बाजूला छोटा सॉकेट, दुसऱ्या बाजूला कप मावेल असा मोठा सॉकेट लावून दाबा. हातोडीने ठोकून काट्याची भोकं वाकडी करू नका. नवा कप बसवताना आतल्या सुया ग्रीसने चिकटवून उभ्या ठेवायच्या. कप शेवटचे दोन-तीन मिलिमीटर आत जायला नकार देत असेल आणि सर्क्लिप खाचेत बसत नसेल तर जोर लावणं थांबवा. एक सुई तळाला आडवी पडलेली आहे. काढा आणि पुन्हा बसवा. काम झाल्यावर क्रॉस सगळीकडे बोटाच्या जोराने फिरला पाहिजे. मग चारही कपांच्या कडेने नवं ग्रीस डोकावेपर्यंत ग्रीस गन चालवा.

चाक हलवून काय कळतं

पुढचं चाक उचला. वर आणि खाली हात ठेवून हलवा. खेळ जाणवला तर लगेच बेअरिंगची ऑर्डर देऊ नका. कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. खेळ नाहीसा झाला तर बेअरिंग. तसाच राहिला तर चाक ज्यावर वळतं तो किंगपिन किंवा बॉल जॉइंट. ही एवढीशी युक्ती माहीत नसल्याने मी दोन्ही बाजूंची धड बेअरिंगं बदलली होती. डावी-उजवीकडे हात ठेवून हलवल्यावर खेळ असेल तर पुढची चाकं वळवणाऱ्या टाय रॉडच्या टोकांकडे बघा.

बेअरिंग उघडलंच तर जुनं ग्रीस रॉकेलने पूर्ण धुवा आणि उजेडात बघा. रोलर निळसर झाले असतील तर ते तापून गेलेत, खड्डे असतील तर अर्थातच बाद. बदलताना बाहेरची रिंगही सोबत बदलायची. जुन्या रिंगमध्ये नवे रोलर बसवणं हा पैसा वाया. चाक फिरवत नट आवळायचा, म्हणजे रोलर जागी बसतात, मग ढिला करून मॅन्युअलमधल्या मापाला परत आणायचा आणि लॉक वायसरची पाकळी दुमडायची.

विशिष्ट वेगाला स्टिअरिंग हातातून सुटेल इतकं थडथडत असेल तर लोक स्टिअरिंग डॅम्पर बदलतात. थडथड काही दिवस झाकली जाते. मूळ दोष सांध्यातल्या झिजलेल्या रबरी बुशात, ॲक्सल आडवा सरकू न देणाऱ्या पॅनहार्ड रॉडच्या टोकाला किंवा टाय रॉडमध्ये तसाच असतो. एकाला स्टिअरिंग इंच-दोन इंच मागे-पुढे हलवायला सांगा, तुम्ही खाली झोपून प्रत्येक सांध्यावर बोट ठेवा. दोष बोटाला कळतो.

पाट्यांमध्ये तुटलेलं पान आणि मधला बोल्ट तपासा. तो बोल्ट तुटला की ॲक्सल मागे-पुढे सरकतो आणि गाडी तिरकी चालते. दोन्ही बाजूंना पुढच्या-मागच्या चाकांच्या केंद्रांमधलं अंतर मोजलं की कळतं. पाट्या ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट एकदा काढले की नवेच लावा. बुशांचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना, नाहीतर रबर पिळलेलंच राहून लवकर फाटतं.

ब्रेक

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पितं. डॉट-३ दर्जाचं ऑइल कोरडं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतं, ओलावा धरल्यावर ही हद्द १४० पर्यंत उतरलेली चालते असं मानकच सांगतं. लांबच्या उतारावर तेवढी उष्णता सहज होते आणि पेडल जमिनीला टेकतं. दर दोन वर्षांनी बदला. लोखंडी नळ्या क्लिपखाली गंजतात, तिथे क्लिप काढूनच बघा. चिखलात फिरलेल्या गाडीचे ड्रम उघडा. आत पावशेर माती निघाली तर आश्चर्य नको. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ती धूळ हवेने उडवायची नाही. ओल्या फडक्याने पुसायची.

पुढची चाकं खरंच जोडली जातात का?

पुढची चाकं शाफ्टला जोडणारे-सोडवणारे दोन्ही फ्री-व्हीलिंग हब लॉक करा, लिव्हर २एचला ठेवा, पुढचं एक चाक उचलून हाताने फिरवा. पुढचा प्रॉपेलर शाफ्ट सोबत फिरला पाहिजे. हब मोकळे केल्यावर तो फिरता कामा नये. दुसऱ्या बाजूनेही हेच करा. हब आतून ग्रीसने ठासून भरलेला असेल तर तो अडकतो. तिथे पातळ हातच पुरे.

काही गाड्यांत ही जोडणी व्हॅक्यूमने होते. डॅशबोर्डवर दिवा लुकलुकत राहतो, चाकं जुळत नाहीत आणि कुणीतरी ट्रान्सफर केस उघडायला सांगतं. आधी रबराच्या बारीक नळ्या बोटाने वाकवून बघा, तडा तिथेच सापडायची शक्यता मोठी. लिव्हर दगडासारखी घट्ट असेल तर खालच्या सांध्यांना रात्रभर गंज सोडवणारं तेल पाजा. महिन्यातून एकदा मोकळ्या मातीत दोन-तीन किलोमीटर ४एचला आणि थोडं ४एलला चालवली तर ही वेळ येत नाही.

वीज आणि इंजिन, थोडक्यात

जुन्या गाडीतले निम्मे विजेचे भुताटकी प्रकार अर्थिंगचे असतात. मल्टिमीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनाच्या धातूला लावून स्टार्टर मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगची पट्टी काढून दोन्ही टोकं चकचकीत घासा. विश्रांती दिलेली भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असते, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ हवं.

डिझेल सकाळी खूप वेळ फिरून सुरू होत असेल आणि ग्लो प्लग ठीक असतील, तर कुठूनतरी हवा धरतेय. फिल्टरच्या बैठकीची वायसर आणि इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या बघा. धूर काळा असेल तर हवा कमी किंवा डिझेल जास्त. निळा म्हणजे तेल जळतंय. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर सुटत राहिला आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केट. टायमिंग बेल्ट कधी बदलला याची लेखी नोंद नसेल तर तो बदललेला नाही असंच समजा. किलोमीटर कमी असले तरी रबर वयानेही मरतं.

रस्त्यावर नेल्यानंतर

पहिली फेरी छोटी, मोकळ्या रस्त्यावर. परत आल्यावर चारही हबना तळहाताची मागची बाजू लावा. एकच चाक बाकीच्यांपेक्षा गरम असेल तर तिथला ब्रेक धरतोय किंवा बेअरिंग घट्ट बसलंय. काही शे किलोमीटरनंतर यू-बोल्ट, शाफ्टचे फ्लँज बोल्ट आणि चाकांचे नट पुन्हा टॉर्कला आणा. काय बदललं, किती किलोमीटरला आणि कुठलं तेल ओतलं ते वहीत लिहा.

मग गाडी त्याच सपाट जागी लावा, नवा पुठ्ठा अंथरा आणि सकाळी तो जुन्या पुठ्ठ्याशेजारी ठेवून बघा. सीलच्या ओठाला राहिलेलं थोडं तेल पहिल्या रात्री गळतं, त्याची काळजी नको. तिसऱ्या रात्रीही त्याच जागी डाग पडला, तर परत खाली झोपायचं.